मिठाचा हात

नाई नाई, फोटो मोठा करून दाखवा सर, बोटानं असा — हां. आता हे ठिपके पाहा, रव्यावानी हायेत का कापसावानी? रव्यावानी. जसं कोनी उपमा करता करता चार दाने माशाच्या आंगावर सांडले. मंग घाबरू नका. कापसावानी असते तं मीच थोडा घाबरलो असतो, हे तं आमच्या धंद्यात सर्दी-पडशावानी हाय — मारते, पन येळेवर धरलं तं वाचवता येते. आंग घासून राहिला न मासा, खाल्तच्या गोट्याइले? घासनच. आंगात किडा घुसला त्याच्या, डोळ्याले दिसत नाई येवढा बारीक, अन् खाज सुटली, खाजवाले हात तं देले नाई देवानं — मंग काय करन बिचारा. ती निळ्या औषधाची बाटली मांगू नका. हाय माह्याजोळ, इकतोही मी, पन तुमाले नाई देत. घरी जा अन् मीठ टाका. हो, मीठच. जाडं मीठ, खड्याचं, लोनच्यात टाकतात ते. बारीक पिशवीतलं नाई.

पन पानी कोनतं? ते सांगा पहिले. नळाचं, हे तं मघाशीच सांगतलं तुमी, पन नळात काय येते? धरनाचं येते का सोसायटीच्या बोरचं? बोरचं बी नळातूनच येते न सर, नळाले काय समजते. तुमाले मालूम नसन तं मॅडमले लावा फोन. लावा, मी थांबतो, मले काई घाई नाई. — धरनाचं. टाकी त्याइनं स्वतः भरली? इचारा न. — हां. मंग लिहून घ्या. पाच लिटर पान्याले चहाचा एक चमचा मीठ, सपाट, शीग नाई. पहिले गंजात, भांड्यात म्हना, पानी घेऊन त्यात इरघळवाचं, खडे तसेच माशाच्या आंगावर फेकाचे नाई. आज येवढं, उद्या तेवढंच, परवा तेवढंच. बस. मंग बारा दिवस हात लावाचा नाई. पानी उडून कमी झालं तं साधं पानी टाकाचं, मिठाचं नाई, कारन पानी उडते, मीठ नाई उडत. अन् ठिपके दोन दिवसात गेले म्हनून खूश होऊ नका. तो किडा आंगात असते न, तवर त्याले मीठबीठ काईच करत नाई. तो गळून खाल्ती पडते, बुडाले फुटते, एकाचे शंभर होतात, अन् ते शंभर नवा मासा शोधत फिरतात — तवाच मीठ त्याइले गाठते. बाहीर पडल्याबिगर इलाज नाई त्याले.

हीटर बी देतो एक. पानी थोडं कोमट ठेवलं का किडा लवकर गळते. पन तपासून देतो, दहा मिनिटं पान्यात ठेवून पाहावा लागते, लाइट लागते का नाई. बसा न, तो स्टूल घ्या. धरनाचंच पानी न, पक्कं? — आता इचारलं, हो. पाचव्यांदा इचारलं असन. हसून घ्या. आमच्या शेजारचा मोबाइलवाला बी हसते, म्हनते योगेशभाऊ गिऱ्हाइकाले नाव नाई इचारत, पानी इचारते. आदत झाली. काहून झाली, ते सांगून काय करता, मोठी गोठ हाय. हीटर गरम होईस्तोर होईन म्हना सांगून.

तुमी पुन्याकडचे न? बोलन्यावरूनच समजलं. मंग तुमाले आमचा खारपान पट्टा मालूम नसन. इकडं दर्यापूर, तिकडं अकोल्याच्या बाजूनं, ह्या साऱ्या काळ्या मातीच्या खाल्ती पानी खारं. बोर मारा, इहीर खोदा, खारंच लागते. त्यात डाळ शिजत नाई, चहा फाटते, साबनाले फेस येत नाई. पिन्याले धरनाचं पानी येते नळानं, आठ-दहा दिवसाआड, ते लोक डरमात भरून ठेवतात. बाकी सारं बोरवर. आमचं गाव त्यातलंच. माही मोठी बहीन दिली ते गाव बी त्यातलंच, मधात चार कोस. माणिकबाई नाव तिचं, मी ताई म्हनतो. माय लवकर गेली आमची, मी सहा वर्साचा होतो, ताई सतराची. मले तिनं वाढवलं, लग्न झाल्यावर बी दोन वर्स संगं नेलं सासरी. कोनती नवी नवरी भावाले संगं नेते, सांगा? तिच्या सासूनं, पार्बताबाईनं, चालवून घेतलं, लय मोठ्या मनाची बाई.

तं त्या गावात एक पद्धत हाय. लग्नाच्या पंगतीची भाजी, डाळ — आचारी रांधते, पन मीठ आचारी टाकत नाई. टाकूच देत नाईत. कारन आचारी बाहीरचा. पानी आलं कोन्या टँकरचं, कोन्या बोरचं, अर्ध डरमातलं, त्याले काय मालूम कोनतं किती खारं? तो आपल्या हिशोबानं मीठ टाकन अन् पाचशे लोकाइची पंगत थू थू करत उठन. म्हनून गावातली एक बाई ठरलेली राहते. ती येते, बोट बुडवते पान्यात, जिभीले लावते, मंग मुठीनं मीठ टाकते. चमचा नाई, वजन नाई. खन-नारळ देतात तिले, मान राहते तो. पहिले पार्बताबाईचा होता, मंग ताईचा झाला. सासूनं सुनेले देला, आपल्या पोरीले नाई देला, कारन हात ताईचा होता. बावीस वर्स सर, त्या गावात ताईच्या हाताबिगर पंगतीत मीठ नाई पडलं. लोनचं घालाच्या दिवसात तं आमची ताई घरी सापडेच नाई, या घरून त्या घरी. लोक म्हनत, माणिकबाईच्या हातचं लोनचं तीन वर्स बुरसत नाई. अन् तिले गर्व? थोडासा होता. खोटं काहून बोलू. असावा बी.

बरं, भाटव्याइले लकवा झाला. भाटवे म्हनजे ताईचे मालक, उत्तमराव. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर खाटेवर, डोळे आढ्याले. मी एक टाकी नेऊन देली, दोन फूट लांबीची, पाच गोल्डफिश. म्हनलं मानसाले काईतरी हलतं दिसावं. अन् सर, तुमी इश्वास नाई ठेवनार, भाटव्याची मान फिरली. मासा डावीकडं गेला का मान डावीकडं. ताईनं फोन करून सांगतलं मले, रडत होती. पाचव्या महिन्यात भाटव्याच्या तोंडून पहिला शब्द निंगाला तो ताईचं नाव नाई, पोरीचं नाई — ताईनं दाने टाकाले उशीर केला तं म्हनले, "दे." येवढंच. तवापासून गावात मले मान. योगेशनं मानसाले बोलतं केलं म्हनत. शाळेच्या हेडमास्तरनं टाकी सांगतली, मोतीराम पाटलानं सांगतली. माहं दुकान तवा नवंच होतं, मी बी छाती काढून फिरो.

मंग ठिपके आले. अस्सेच, तुमच्या फोटोतल्यावानी. ताईचा फोन आला, सनिवारचा दिवस, सांजचे सहा, दुकानात तीन गिऱ्हाइकं, एक बाई तं काचेवर बोट ठोकून राहिली होती. मी फोन खांद्यात धरला अन् एका दमात सांगून टाकलं — अर्ध पानी काढ, ताजं भर, अन् मीठ टाक, लिटरले इतकं. आता तुमाले तीन दिवसाचं तीन भाग करून सांगतलं न मी? तिले एकाच डावात सांगतलं. अन् पानी कोनतं, हे इचारलंच नाई. पंधरा वर्सं अमरावतीचं गोडं पानी पिऊन पिऊन इसरलो मी. त्या मातीत जनमलेला मानूस, खाऱ्या पान्यानं आंघोळ करून मोठा झालो, अन् इसरलो. पाइपलाइन फुटली होती तिकडं, बारा दिवसाचं नळाले पानी नव्हतं. डरमात होतं ते पिन्यापुरतं. तिनं बोरचं भरलं. आधीच खारं, त्यात वरून मीठ, अन् मासे बिमार. सकाळी पाचही मासे मरून वर आलेले. भाटवे पाहून राहिले होते म्हने.

मी गेलो दुसऱ्या दिवशी. मोटरसायकलवर गेलो, रस्ताभर मले काईच नाई समजलं, कशानं मेले म्हनून. आंगनात पोचलो, हात धुवाले बोरच्या नळाखाली धरला, चूळ भरली — अन् तोंडात ते पानी गेलं न सर, तवा समजलं. तिथंच. चूळ थुकाचं बी सुचलं नाई मले, गिळली. मांगं पाहतो तं आंगनात धा-बारा मानसं. हेडमास्तर, मोतीराम पाटील, ताईची सून, शेजारपाजारच्या बाया. मासे पाहाले जमले होते. हेडमास्तर म्हनले, काहून हो योगेशभाऊ, असं कसं झालं, आमची टाकी बी तुमच्याकडूनच येनार हाय. अन् माह्या तोंडातून निंगालं. मी म्हनलं, "ताई, मीठ जास्त पडलं तुह्यानं."

ताईनं पाहलं माह्याकडं. जास्त येळ नाई, आपन भाजी झाली का पाहतो तेवढा येळ. मंग म्हनली, "हो बापू. हात चुकला माहा."

झालं. हेडमास्तरच्या घरी टाकी पोचली, पाटलाच्या घरी पोचली, अजून तीन इकल्या गेल्या. दुकान चाललं. पन ताईनं त्या दिवसापासून मीठ सोडलं. खात नाई असं नाई, टाकत नाई. घरात सून टाकते. लोनच्याले कोनी बलावलं तं जात नाई, म्हनते हातात आता ते राहलं नाई. त्या सालीच एक लग्न होतं गावात, मानसं आले खन-नारळ घेऊन, तिनं परत पाठवलं. म्हनली, पाच मासे मारले या हातानं, पाचशे मानसं बसवू का? मान दुसरीकडं गेला. तीन वर्स झाले. भाऊबीजेले जातो मी. ओवाळते, पाट मांडते, भाजी वाढते — ताईनं स्वतः रांधली असन तं त्यात मीठ नाई. ताटाच्या बाजूनं वाटीत येगळं ठेवते, ज्याचं त्यानं घ्या. मी नाई घेत. तसंच खातो सारं. ती म्हनते, घे न बापू मीठ. मी म्हनतो, बीपी हाय मले. नाई हाय मले बीपी, सर.

सांगतलं काहून नाई? सांगनार होतो. दर भाऊबीजेले सांगनार होतो. पहिल्या वर्सी भाटवे जास्त बिमार होते. दुसऱ्या वर्सी पाहुने होते. मानसाले सांगाचं नसलं का पाहुने बरोबर येतात. अन् येक इचार करा, पानी इसरलो, ही चूकच हाय न? कोनाच्यानं बी होते. फोनवर बोलता बोलता होते. मुद्दाम तं नाई केलं काई —

काय? तिनं काहून नाई इचारलं?

इचारलं होतं. — हो, इचारलं होतं तिनं. मघाशी मी म्हनलो का पानी इसरलो, ते अर्धच खरं. मी इचाराचं इसरलो, पन तिनं इचारलं होतं. म्हनली, बोरचं टाकू का? अन् मी म्हनलो, टाक न, पानी ते पानी. त्या काच ठोकनाऱ्या बाईले फायटर मासा दाखवत होतो, आर्धं ध्यान तिकडं. असे शब्द होते माहे, पानी ते पानी. हे कोनाले नाई सांगतलं मी, बायकोले बी नाई. तुमी पुन्याले चालले जान बदली झाली का, म्हनून तुमाले सांगून राहिलो असन.

अन् आज काय हाय मालूम हाय? आज हळद हाय तिच्या पोरीची. रागिणी, माही भाची. उद्या लग्न. आज रात्री गावपंगत, चार वाजता भाजीत मीठ पडन. साऱ्या गावानं हात जोडले म्हने ताईले, का आपल्या पोरीच्या लग्नात तरी टाक. नाई म्हनली. रागिणीचा फोन आला परवा, मामा तुमी सांगा न मायले, तुमचं ऐकते. मी म्हनलं सांगतो. ते पाहा, तिथं बॅग भरून ठेवली सकाळपासून. मामा हाय मी, सकाळी सातलेच जावाले पायजे होतं. मी सांगतलं, दुकानात लय गर्दी हाय, सांजच्या गाडीनं येतो. सांजच्या गाडीनं काहून? मीठ पडून गेलं राहीन तोवर, दुसऱ्या बाईच्या हातानं. मंग सांगाचा सवालच नाई. कुठी हाय गर्दी? सकाळपासून तुमी पहिले. तुमी नसते आले तं मी रस्त्यावरचा कोनी बी धरून बसवला असता.

लाइट लागली हीटरची. घ्या. पुसून देतो —

काय म्हनलं?

नाई, परत म्हना. — बावीस वर्स जी बाई पानी चाखून मीठ टाकत होती, तिले मालूम नव्हतं का, बोरचं खारं हाय म्हनून?

थांबा.

नाई, तिनं इचारलं न मले, का बोरचं टाकू का. मालूम असतं तं — नाई. थांबा सर. ती नुसतं बोरचं टाकू का असं नव्हती म्हनली. पुरं म्हनली होती. "बापू, बोरचं खारं हाय, वरून अजून मीठ, चालन का?" असं म्हनली होती. तीन वर्स मी त्यातलं आर्धच आयकून राहिलो.

मंग तिले मालूम होतं. टाकतानी बी मालूम होतं. बोट बुडवून चाखलंच असन तिनं, चाखल्याबिगर ती मीठ टाकतच नाई. तिची जीभ सांगत असन का हे जास्त होते, अन् तिनं जिभीचं नाई ऐकलं, माहं ऐकलं. भाऊ माशाइचा डॉक्टर हाय म्हनून. अन् दुसऱ्या दिवशी आंगनात मी तिच्याकडं बोट दाखवलं तवा बी मालूम होतं. ते पाहनं — मी तीन वर्स समजत आलो का ती लाजली. ती लाजली नव्हती. ती पाहत होती, का आपन सहा वर्साचं पोर कडेवर घेऊन सासरी आलो, ते हेच का. अन् मंग हेडमास्तरकडं पाहलं तिनं, पाटलाकडं पाहलं, अन् म्हनली, हात चुकला माहा.

पन मंग मीठ काहून सोडलं? हात तं चुकलाच नव्हता, हे तिले पक्कं मालूम, मंग — हां. हां, ते बी बरोबरच हाय. दुसऱ्या दिवशी तिनं पंगतीत मूठ टाकली असती अन् भाजी नेहमीसारखी झाली असती, तं गाव म्हनलं असतं, बाईचा हात तं तसाच हाय. मंग मासे कशानं मेले? योगेशच्या सांगन्यानं. माहा शब्द खरा राहावा म्हनून तिले चुकलेला हात घेऊन राहावं लागलं. तीन वर्स. पोरीच्या हळदीच्या दिवशी बी. अन् मी तिथं बसून बीपी हाय म्हनून सांगतो तिले.

मी तिलेच सांगाले चाललो होतो सर. म्हनजे जाईन तवा. एकटी गाठीन कुठीतरी, मांगच्या आंगनात, पाय धरीन, ताई माही चूक होती म्हनीन, ती रडन, मी रडीन, झालं. तिले काय सांगता. तिले पह्यल्या दिवसापासून मालूम हाय. तिले सांगून काईच होत नाई. सांगाचं हाय ते गावाले. हेडमास्तरले, पाटलाले, त्याच आंगनात, भाजीवर झाकन पडाच्या आंधी.

किती वाजले? बारा वीस. साडेबाराची गाडी हाय बस स्टँडवरून, दोन-अडीचले दर्यापूर, तिथून काळीपिवळी जीप. चारच्या आंधी पोचतो. पोचलो तं पोचलो —

नाई, हीटर घेऊन जा तुमी. मीठ घरी हाय म्हनता न? जाडं. चमचा सपाट. — उठा सर. उठा न, मले शटर पाडू द्या.